पारूबाईंचा हात मी अर्ध्यावर थांबवला

मी एक प्रोसेसर बोलतोय. बोटाच्या नखाएवढा, चपटा, टॅबच्या पोटात बसवलेला. स्वस्तातला टॅब घेताना माणसं पडदा केवढा आहे ते बघतात. आत कोण राबतं हे कुणी विचारत नाही.

मला घडवतानाच ठरलं होतं, की यानं वीज कमी खावी आणि फार पळू नये. मला पंखा नाही. तापलो की आपोआप सावकाश चालतो. याची मला कधी लाज वाटली नव्हती. उलट मी राहतो त्या जांबोटी गावात पावसाळ्यात दिवसदिवस वीज जायची, शेजारपाजारचे फोन माना टाकायचे आणि मी जागा असायचो, तेव्हा मी मनात फुगायचो.

बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या सुविधानं मला आईसाठी घेतलं. तिची आई, पारूबाई, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. मायलेकींचं सगळं बोलणं हातांचं. रोज दुपारच्या सुट्टीत सुविधा व्हिडिओ कॉल लावायची. पारूबाई आधीपासूनच मला चुलीमागच्या भिंतीला टेकवून बसलेल्या असायच्या. जांबोटीची ओल मला बाधू नये म्हणून ती ऊबदार जागा. माया होती ती त्यांची. मी मात्र तिथं तापायचो. चित्र अडखळलं की पारूबाई माझ्या पाठीवर दोन थापट्या मारायच्या, हट्टी वासराला माराव्यात तशा.

त्या दुपारी मालुबाईंना धाप लागली होती. सुविधाच्या वडिलांची, धर्मराजआप्पांची, ही थोरली बहीण, म्हणजे सुविधाची आत्ती. सुविधाला पहिले शब्द बोलायला यांनीच शिकवले होते, कारण आईकडून ते होण्यासारखं नव्हतं. आप्पा त्यांना खानापूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी बघायला गेले होते आणि कॉल आला.

सुविधानं हातांनी विचारलं, ‘आत्तीला जास्त हाय का? मी निघू?’

पारूबाईंनी तळवा पुढं करून हात उचलला आणि छातीकडे ओढला. ये. पुन्हा ओढला. ये, ये.

उचललेला तळवा मी पाठवला. पुढचं काहीच पाठवलं नाही. तापून बसून राहिलो. सुविधाच्या फोनवर आईचा तळवा तसाच उभा राहिला: थांब. तिनं ‘बरं’ म्हणून मान डोलावली आणि कॉल बंद केला. ती मान पारूबाईंनी पाहिली. पोरगी निघाली, असं त्यांनी मालुबाईंना खुणेनं सांगितलं.

जीप दारात आली, तेव्हा मालुबाई म्हणाल्या, “जरा थांबा रं. पोरगी येतीया.”

आप्पांनी सुविधाला फोन लावला. तिची सुट्टी संपली होती, तिनं उचलला नाही. “बसमध्ये असंल,” ते म्हणाले. जीप अर्धा तास थांबली. मालुबाईंनी दोनदा विचारलं, “आली का?” पारूबाईंनी ते त्यांच्या ओठांवरून ओळखलं.

खानापूर यायच्या आधीच वाटेत सगळं संपलं. त्या अर्ध्या तासानं काही फरक पडला असता का, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारू शकत नाही.

सुविधा आली. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, पण पारूबाई लेकीच्या हातांकडे बघेनात. ऐकू न येणाऱ्या माणसानं नजर वळवली, की त्याच्याशी बोलायची वाटच बंद होते.

चौथ्या दिवशी आप्पा म्हणाले, “आई म्हणतीया, मान डोलावलीस आणि आली न्हाईस.”

“आप्पा, आईनंच मला थांब म्हटलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी.”

“रेंज गेली असंल गं.”

रेंज ठणठणीत होती. दुसऱ्यावर आळ गेला आणि तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

सुविधाचं समाधान झालं नाही. ती फोन घेऊन अंगणात गेली आणि कॉल लावला. आप्पांनी पारूबाईंना त्याच जागी बसवलं आणि खुणावलं: त्या दिवशी बोलावलंस तसं बोलाव. पारूबाईंनी नाइलाजानं हात उचलला. मी पुन्हा अडकलो. सुविधानं दारातून आत बघितलं. फोनमधली आई थांब म्हणत होती आणि चुलीपाशी बसलेली आई बोलावत होती.

ती धावत आत आली आणि फोन आईसमोर धरला. पारूबाई आपल्याच तळव्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी लेकीचे दोन्ही हात धरून स्वतःच्या तोंडावर दाबले.

“मीच असला टॅब घेतला, आप्पा,” सुविधा रडत म्हणाली.

“तुझा काय दोस गं, बाय,” आप्पा म्हणाले. माझ्याकडे कुणी रागानं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता घरात चांगला फोन आहे. त्यातला प्रोसेसर दमत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर एवढं ऐका: अडकलेल्या चित्रावरून माणसाचं मन ठरवू नका. पुन्हा एकदा विचारा.

पारूबाईंनी मला टाकून दिलं नाही. दुपारी त्या मला मांडीवर घेतात आणि मालुबाईंचा फोटो उघडून बसतात. तो मी न अडखळता दाखवतो. फोटोला फार काम लागत नाही.