पहिला पडत नाही

आमच्या जुन्या गाडीचा पहिला गिअर पडेना झाला आणि दोष माझ्यावर आला. माझे सासरे, आण्णा, यांनी वीस वर्षं लष्करात ट्रक चालवलेला. म्हणाले, "अक्षता, तुला क्लच दाबाय येत न्हाई." गिअर त्यांच्याही हातून पडत नव्हता, पण तो म्हणे मी बिघडवून ठेवल्यामुळं. दोन महिने किल्ली त्यांच्या खिशात राहिली आणि मी तासगावच्या शाळेत शिकवायला एसटीनं गेले.

शेवटी बंद गाडीत गिअर टाकून, मग ती सुरू करून, गचके खात आम्ही कृष्णात मिस्त्रींकडं पोचलो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. क्लचखाली हात घालून त्यांनी घडी घातलेलं एक पोतं बाहेर ओढलं. बागेतला चिखल गाडीला लागू नये म्हणून ते आण्णांनीच अंथरलं होतं, आणि त्यामुळं क्लच पुरता दाबलाच जात नव्हता. आता पहिला नुसत्या बोटांनी पडला.

घरी सासूबाईंनी विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "गिअरबॉक्सचं काम निघालं. लय मोठं." पोतं त्यांच्या काखेतच होतं. मी किल्लीसाठी हात पुढं केला.

पोतं अजून गाडीतच असतं. फक्त डाव्या बाजूला, त्यांच्या पायाखाली.