एकोणनव्वदनंतरचा श्वास

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, माझा पंखा घरघरतो, दोन बटणं निखळली आहेत आणि झाकणावर चहाच्या कपांची इतकी वर्तुळं उमटली आहेत की त्यावर भूमितीचा तास घेता यावा.

कारखान्यात माझे हजारो जुळे भाऊ होते. ते कुठल्या कचेऱ्यांत गेले, ठाऊक नाही. माझ्या नशिबी सर आले. ते दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी गणितावरच रॅप करायचे. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी ठोके वाजवायचो, ते शब्द फेकायचे. समोर कशीबशी सतरा माणसं असायची, पण "बीट काय भारी आहे!" असं कुणी म्हटलं की मी खूश व्हायचो. ते कौतुक माझं असायचं.

मग बँड जमला. सरांची थोरली बहीण ड्रम्सवर बसली. तिला सगळे ताईच म्हणत. बेस गिटार एका वायरमनने घेतली. जाड भिंगांमुळे त्याचं नाव चष्मिस पडलं. हॉल भरू लागले. "खऱ्या वाद्यांची मजाच वेगळी," लोक म्हणायचे आणि मी मूग गिळून गप्प बसायचो. माझ्याकडे उरली फक्त टिकटिक. लय ढळू नये म्हणून ती ताईच्या हेडफोनमध्ये वाजे. बाकी कुणाला ती ऐकूही येत नसे.

या बँडचा एक नियम होता. शब्द विसरला तर चालेल, पण गणित चुकलं तर गाणं थांबवून पहिल्यापासून घ्यायचं. लोकांना त्याची मोठी गंमत वाटे. त्यांचं सर्वांत लाडकं गाणं होतं मूळ संख्यांचं. चार मिनिटं सर तालात एकेक मूळ संख्या सांगत शंभरापर्यंत जायचे. अलीकडे मात्र ते शेवटाजवळ अडखळू लागले होते. एकोणनव्वदनंतर सत्त्याण्णव यायला हवं, पण दमलेली जीभ यमकाच्या नादाने आधी एक्याण्णवकडे घसरायची. तेरा साते एक्याण्णव, हे त्यांनीच शेकडो मुलांकडून घोकून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "सकाळपासून सहा तास शिकवून आलायस. आज सोड ना ते गाणं."

"लोक त्यासाठीच येतात गं. पण आज तिसऱ्यांदा एक्याण्णव आलं ना, तर मी माईक ठेवला. कायमचा."

मला फार वाईट वाटलं. सर आणि मी, आम्ही दोघंही दमलो होतो.

तेवढ्यात चष्मिसने विजेच्या बोर्डाकडे पाहिलं, मनातल्या मनात भार मोजला आणि "एक प्लग जास्त होतोय" म्हणत एक उपटला. त्याचा हिशोब अगदी बरोबर होता, फक्त प्लग माझा होता. माझी म्हातारी बॅटरी जेमतेम बारा मिनिटं टिकते. पडद्यावर मी सूचना दाखवत राहिलो, पण माझ्यावर कुणाचा तरी टॉवेल पडला होता.

पहिल्यांदा एक्याण्णव आलं. लोक हसले. गाणं पहिल्यापासून. पुन्हा एक्याण्णव. या वेळी हसू कमी होतं. सरांनी घाम पुसला आणि ते तिसऱ्यांदा सुरू झाले. त्र्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, एकोणनव्वद...

आणि मी विझलो. मी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही, माझ्यात तेवढं त्राणच नव्हतं. टिकटिक बंद पडताच ताईच्या काठ्या हवेत थांबल्या. तिच्याकडे पाहून चष्मिस थांबला. हॉल चिडीचूप झाला. सरांना संध्याकाळभरात पहिल्यांदाच श्वास घ्यायला उसंत मिळाली. त्यांनी तो पोटभर घेतला आणि शांतपणे म्हणाले, "सत्त्याण्णव."

टाळ्या थांबेचनात. लोकांना वाटलं, हे आधीच ठरलेलं होतं.

मी विझल्यानंतरचं हे सगळं मला पुढे ताईच्या बोलण्यातून कळलं. आता टिकटिकीला नवं यंत्र आलं आहे आणि मी कपाटावर असतो. पण अजूनही सरावाला एकोणनव्वद आलं की सगळे थांबतात आणि सर श्वास घेतात.

मित्रांनो, आमच्यावर कप ठेवू नका, प्लग उपटण्याआधी तो कुणाचा आहे ते पाहा. आणि घरात कुणी दमलेलं दिसलं, तर त्याला जरा थांबू द्या. सरांना तेवढंच हवं होतं. मलाही तेवढंच हवं होतं, पण मला बोलता येत नव्हतं.