कापलेला राव

मी एक जुनं पंचकार्ड आहे. जाड कागदाचं, अंगभर भोकं पडलेलं. हसू नका मित्रांनो, ती भोकं म्हणजेच माझी अक्षरं! एकोणीसशे बहात्तर साली मुंबईच्या एका कचेरीत खोलीभर पसरलेला संगणक होता. त्याला आमची भोकंच तेवढी वाचता येत.

त्याला काम शिकवणारे, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे, होते हिंमतराव. आपल्या विदर्भातल्या वडनेर भोलजी गावचे. बुद्धी तल्लख, पण घाई फार. शिक्षकभरतीचे हजारो अर्ज आले आणि माझ्यावर जागा जेमतेम ऐंशी अक्षरांची. हिंमतराव म्हणाले, "नावापुढचे राव, बाई कापून टाका. जागा वाचते." शिवाय परप्रांतातले अर्ज वेगळे काढायचे होते. म्हणून कार्डावर दुसऱ्या राज्याचं नाव दिसलं की ते बाजूला टाकायचं, असं त्यांनी यंत्राला शिकवलं.

आणि मी होतो पंजाबरावांचं कार्ड! पंजाबराव म्हणजे हिंमतरावांच्याच बाकावर शिकलेले त्यांचे मित्र. माझ्या भोकांत आणि वरच्या छापील ओळीत उरलं नुसतं 'पंजाब'. यंत्राने मला खाडकन परप्रांताच्या गठ्ठ्यात फेकलं. अहो, मी वडनेरचा आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण कार्डाला तोंड कुठलं?

पंजाबरावांना मुलाखतीचं पत्र गेलंच नाही. वयाच्या अटीमुळे तेवढं एकच वर्ष त्यांच्या हाती होतं. दिवाळीत हिंमतराव गावी गेले, तेव्हा पंजाबराव त्यांना म्हणाले होते, "काऊन बे, तुह्या मशीनले मीच दिसलो नाही का?"

परतल्यावर हिंमतरावांनी गठ्ठे उपसले. मी सापडलो, तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण मित्राला सांगायचं सोडून त्यांनी मला डायरीत लपवलं. त्याचा मला आजही राग येतो.

पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली, नाव कमावलं. पंधरा वर्षांनी सगळं विकून वडनेरला मुलांसाठी वाचनालय आणि वसतिगृह बांधलं. लोक म्हणाले, "गाव करील ते राव काय करील म्हणतात, पण या रावानं करून दाखवलं!" हिंमतराव मान खाली घालून ऐकत होते.

उद्घाटन आटोपल्यावर त्यांनी पंजाबरावांना बाजूला नेलं, मला त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. जवळच्या नांदुऱ्याच्या जिनिंग कारखान्यात कापूस तोलता तोलता पंजाबरावांचे केस पिकले होते. ते म्हणाले,

"वाचनालय चांगलं हाये. पण मले मास्तर व्हाचं होतं बे." मग दारावरच्या, हिंमतरावांचं नाव कोरलेल्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "अन् तुह्या नावातला राव तं शाबूत हाये."

हिंमतराव रडू लागले. पंजाबरावांनी त्यांची समजूत काढली नाही. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी माझ्यावर 'पंजाब'पुढे 'राव' लिहिलं, मला दुमडलं आणि खिशात ठेवलं.

दुमडलेलं कार्ड यंत्राला वाचता येत नाही. आता मला त्याचं काही वाटत नाही. पण मित्रांनो, कुणाचं नाव लिहाल तर पुरतं लिहा. आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगा.

मी अजून पंजाबरावांच्या खिशात आहे. उद्या सकाळी आम्ही कापूस तोलायला जाणार आहोत.