तुलनेचं रक्त

नळी पुन्हा तिरकी केली, तरी आतला पिवळसर द्राव पाण्यासारखा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला. गुठळी धरायचं नाव नाही. मी स्टॉपवॉच बंद केलं आणि काही कारण नसताना परत चालू केलं.

"इतकं हलवून दही तरी लागते का?" मागून गुणवंतकाका म्हणाले. "काहून तळमळून राहिली तू? मॅडमनं सांगितलं ना काय आहे ते. रेअर केस. तुमचा पेपर छापून येईल, आम्ही मिठाई खाऊ."

"काका, पण हे दोन तास गरम पाण्यात ठेवलं. आणखी बिघडायला पाहिजे होतं. वैसा का वैसा है."

"तर मग चांगलं आहे ना."

चांगलं नव्हतं. वर वॉर्डात नर्मदा होती, सिहोऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी तिशीची बाई. दाढ काढल्यापासून तिचं रक्त थांबत नव्हतं. तोंडात कापसाचा बोळा धरलेला, त्यामुळे बोलता येत नसे. मी दिसले की हनुवटी उचलून विचारायची, कळलं का?

तिचं रक्त का गोठत नाही हे शोधायला आम्ही एक साधी चाचणी करतो. रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्ताचा पातळ भाग, आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मानिम्मा मिसळायचा. रुग्णात काही कमी असेल तर निरोगी भाग ती कसर भरून काढतो आणि मिश्रण गोठतं. नाही गोठलं, तर रुग्णाच्या रक्तात काहीतरी मारक आहे, बाहेरून आलेलंही निकामी करणारं. असं मारक असलं की मिश्रण गरम पाण्यात ठेवल्यावर बहुधा आणखी बिघडत जातं. हा प्रकार फार दुर्मीळ. आमच्या संशोधन प्रकल्पाच्या प्रमुख हेमलता मॅडमनी निदान पक्कं केलं होतं. रक्तपेढीतून प्लाझ्मा देणं थांबवलं होतं, कारण तो वायाच जाणार. दुपारपासून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू व्हायची होती.

आणि आमच्याकडे निरोगी माणूस म्हणजे गुणवंतकाका.

पुस्तकात वीसेक निरोगी लोकांचं रक्त एकत्र करायला सांगितलं आहे. पण वीस जण रोज कोण गोळा करणार? काका या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. दारू नाही, बिडी नाही, साखर नाही, बीपी नाही. कधीतरी एका सकाळी त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि तीच रीत पडली. त्यांचा प्लाझ्मा छोट्या नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये असायचा. शिकाऊ डॉक्टर दारातून ओरडायचे, "भैया, नॉर्मल है क्या?" काका बायकोचं नाव घेऊन म्हणायचे, "हमारी सत्यवती से पूछो. वो नहीं मानती."

पावसाळ्यानंतर काकांचं रक्त गोठायला जरा जास्त वेळ लागू लागला होता. तेव्हाच रसायनाची नवी पेटी आली होती, आणि पेटी बदलली की गोठायचा वेळ बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून काकांच्या रक्ताला जेवढा वेळ लागला तोच आम्ही निरोगी माणसाचा वेळ धरला. वजनकाट्याशी वजन ताडावं आणि काटा बरोबर ठरवायला तेच वजन घ्यावं, तसं.

हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं आणि मला खुर्चीत बसवेना.

"काका, माझं रक्त काढा."

"काहून?"

"असंच. बघायचं आहे."

"असंच कोणी रक्त देते का? बरं, बस. मूठ आवळ. तुझे बाबा फॅक्टरीत तोफा बनवतात अन् तू सुई पाहून डोळे मिटते."

माझा प्लाझ्मा नर्मदाच्या प्लाझ्मात मिसळला. या वेळी नळी काकांनी धरली होती. दुसऱ्यांदा तिरकी केली, तोच आतला द्राव जेलीसारखा थरथरून थांबला.

काका खिडकीशी गेले. त्यांनी नळी उजेडात धरली. मग बाहेर जाऊन राजश्री सिस्टरला बोलावून आणलं, तिचं रक्त घेतलं, सगळं पहिल्यापासून केलं. तेही गोठलं.

"आता माझं एकट्याचं लाव," ते म्हणाले. "अन् शेजारी तुझं एकटीचं."

माझं गोठलं. काकांची नळी बराच वेळ इकडून तिकडे वाहत राहिली. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि फोन उचलला.

मॅडमनी आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "औषधं सुरू करत नाही. प्लाझ्मा आत्ता चढवते. तिच्यात जन्मापासून एखादा घटक कमी असणार." पेपरबद्दल एक शब्द नाही. "और सुनो, अवंती, गुणवंतजींना लगेच सोनोग्राफीला पाठव. गोठवणारे घटक लिव्हर बनवते. समझ रही हो ना?"

मला समजत होतं. काकांनाही समजलं असावं. ते हात धूत होते, धुऊन झाले तरी धूत होते.

"काका, चला ना. मी येते सोबत."

"कधीपासून?"

"काय?"

"मी कधीपासून चुकीचा आहे?"

मी रजिस्टर ओढून पावसाळ्यानंतरची पानं काढली.

"या मधल्या दिवसांत कितीक रिपोर्ट गेले इथून. सगळे माझ्याशी ताडून. कोणाला सांगितलं, जा घरी, तुझं ठीक आहे. तो ठीक होता की माझ्यासारखा होता?"

"आपण सगळ्यांना परत बोलावू. फोन नंबर आहेत. आधी तुम्ही—"

"सोनोग्राफी कुठं पळून नाही जात. उद्या सकाळी वॉर्डातून नमुने येतील, ते कशाशी ताडशील? तुझ्याशी? तू नॉर्मल आहेस कशावरून?"

रागावून म्हणाले नव्हते. पण त्या प्रश्नाने मी दिवसभर अस्वस्थ राहिले. खरंच, कशावरून?

त्यांनी ट्रे भरला. सुया, नळ्या, कापूस. मग आम्ही दोघं पुस्तकातले वीस जण गोळा करत फिरलो. फाटकावरचा पहारेकरी, एक्स-रेवाला नथ्थू, स्वयंपाकघरातल्या दोन बाया, शिकाऊ डॉक्टर पियूष. प्रत्येकाला काका तेच विचारत होते, कुठलं औषध चालू आहे का, कावीळ झाली होती का, आणि उत्तर मिळालं तरी चेहरा न्याहाळत राहत होते. मीही न्याहाळत होते. सगळे ठणठणीत दिसत होते. काकाही सकाळी दिसतच होते.

"क्या भैया, आपका खून खत्म हो गया?" नथ्थूने बाही वर करत विचारलं.

"ट्रान्सफर हो गया," काका म्हणाले. "हाथ सीधा रख."

वर नर्मदाला प्लाझ्माची दुसरी पिशवी लागली होती. मी धावत जाऊन बघून आले. बोळा काढला होता. तिने नवऱ्याकडे चहा मागितला होता आणि तो "अभी ठंडा करके दूँगा" म्हणत बशीत फुंकर मारत होता. मला पाहून तिने हनुवटी उचलली नाही. चहाकडेच लक्ष होतं तिचं.

खाली परत आले तेव्हा काका नळ्या रांगेत लावत होते. तोंडातल्या तोंडात मोजत होते.

"वीसला एक कमी आहे," ते म्हणाले, आणि सहज, बोलता बोलताच, डाव्या बाहीचं बटण काढून बाही कोपरापर्यंत वर केली.

कोपराच्या खळगीत सुयांच्या जुन्या खुणा होत्या, एकात एक मिसळलेल्या. ते त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग बाही खाली ओढली, बटण लावलं, ट्रे उचलला आणि दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले.

"भैया," येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणाला तरी ते म्हणाले, "दो मिनट हैं?"