मी ऐकलेली हद्द

मित्रांनो, कचेरीच्या लोखंडी कपाटात, खालच्या फळीवर, फायलींखाली दबलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हसू नका. एकेकाळी माझा रुबाब होता.

दुकानातून मी थेट एका संशोधक बाईंच्या पिशवीत आलो. वरची वस्ती आणि खालची वस्ती यांचं एका झऱ्यावरून भांडण होतं. झरा नेमका कुणाच्या हद्दीत, हे ठरवण्याआधी कचेरीने बाईंना तिथे वर्षभर राहायला पाठवलं. गुरं कोण कुठे चारतं, कुठल्या जागेला काय म्हणतात, हे त्या घरोघर विचारत आणि मी टिपून घेई. "एवढासा डबा, पण एक शब्द सांडत नाही," असं त्या म्हणत. मी फुशारून जाई.

एके दुपारी खालच्या वस्तीतली सगळ्यांत वयस्कर आजी बोलता बोलता थांबली.

"ते बंद कर गं, मग सांगते."

बाईंनी बटण दाबलं. पण ऐकायला मला बटण लागत नाही.

"हद्दीचा दगड झऱ्याच्या अलीकडे होता. माझ्या सासऱ्यांनी तो पलीकडे सरकवला. नवी सून होते मी, दुसऱ्या बाजूने मीच हात लावला. मी आहे तोवर कुणाला बोलू नकोस. पोरं मला घरात ठेवायची नाहीत."

बाईंनी शब्द दिला.

सुनावणीत कचेरीच्या हुकुमाने सगळ्या टेपा लावल्या. "मग सांगते" इथपर्यंत आवाज आला आणि खट्.

"पुढे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पुढे बंद होता," बाई म्हणाल्या.

आजी समोरच मान खाली घालून बसली होती. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला स्वतःचा आवाज नाही, दुसऱ्याने दिलेलाच मी परत करतो. दगड आहे तिथेच खरा धरला गेला आणि झरा खालच्या वस्तीचा ठरला. वरच्या वस्तीतल्या बायका तेव्हापासून टेकडी उतरून दूरच्या विहिरीवर जातात. मी पुरावा म्हणून कपाटात गेलो.

तीन वर्षांनी आजी वारली. बाई दुसऱ्याच दिवशी कचेरीत आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी," अधिकारी म्हणाले, "पण आजींच्या तोंडचं काही आहे का?"

बाईंनी मला बाहेर काढलं, धूळ पुसली, तीच टेप घातली. खट्. मागे नेली, पुन्हा लावली. पुढे काही नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी पाच-सहा वेळा त्या कान लावून बसल्या. मग मला जागेवर ठेवून गेल्या.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरातलं कुणी म्हातारं माणूस "कुणाला सांगू नकोस" म्हणत काही सांगू लागलं, तर त्याला एवढं जरूर विचारा, की तुम्ही गेल्यावर माझं कोण ऐकेल? बाईंना ते सुचलं नाही. मला सुचलं होतं.