जिचं तिलाच उघडेल

कॉर्सेट हे वस्त्र ज्यानं शोधून काढलं त्याला ते स्वतः कधी घालावं लागलं नसणार, असं अश्लेषा मुजुमदारचं ठाम मत होतं. पाठीवर भोकांच्या दोन रांगा, त्यांतून ओवलेली दोरी आणि ती आवळायला मागे उभी राहिलेली एक दणकट बाई. म्हणजे बाथरूमला जायचं तरी आधी माणूस शोधा! पण हल्ली उज्जैनच्या नवऱ्यामुलींना रिसेप्शनसाठी कॉर्सेट ब्लाउजच हवं असे. तेव्हा टॉवर चौकामागच्या आपल्या बुटीकमध्ये बसून अश्लेषानं त्या दोरीचाच निकाल लावला. दोरी उरली ती शोभेपुरती. उघडझाप सगळी पुढून. एका पोलादी पट्टीवर गुंड्या, दुसरीवर त्यांना अडकवायच्या कड्या, आणि सगळ्यांना मिळून एकच छोटा खटका. नवरी कितीही नाचली तरी तो सुटायचा नाही, आणि तिला स्वतःला हवं तेव्हा एका हातानं, अंधारातसुद्धा सुटायचा.

तिचा एक नियम होता. कॉर्सेट दुकानाबाहेर जाण्याआधी नवरीनं डोळे मिटून ते स्वतः घालायचं आणि स्वतः काढायचं. मुलींच्या आया कुरकुरत, "अहो ताई, आम्ही आहोत ना मदतीला!" अश्लेषा त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवी. या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

तर अशा या बाईच्या सख्ख्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. विक्रांत बँकेत नोकरीला, दिसायला देखणा, बोलायला साखर, ओळखीतल्या सगळ्या काकवांचा लाडका. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. आई खचून गेलेली, म्हणून त्याचा अभ्यास घ्यायला, डबा भरायला आणि तापात उशाशी बसायला अश्लेषाच होती. आपलं लग्न त्या गडबडीत राहूनच गेलं याचंही तिला फारसं दुःख नव्हतं. विक्रांत म्हणजे तिचा जीव की प्राण.

मुलगी गावातल्याच नानाखेड्याची. अपूर्वा तिचं नाव, शाळेत गणित शिकवणारी, कमी बोलणारी. होणाऱ्या भावजयीचं कॉर्सेट मी माझ्या हातानं करणार, असं अश्लेषानं साखरपुड्याच्या पंगतीतच जाहीर करून टाकलं होतं. भैरवगढला जाऊन तिनं स्वतः ठसे निवडले, रेशमावर तिथल्या छपाईवाल्याकडून बुट्टे उमटवून घेतले आणि अपूर्वाला मापाला बोलावलं.

माप घेताना अपूर्वाच्या उजव्या खांद्यामागे तिला निळसर डाग दिसले, जवळजवळ, एकाखाली एक.

"हे काय लागलं गं?"

"स्कूटर घसरली, ताई."

अश्लेषानं महापालिकेच्या नावानं बोटं मोडली, खड्ड्यांचा उद्धार केला आणि टेप कमरेला लावली.

पुढच्या खेपेला कच्चं कॉर्सेट तयार होतं. अपूर्वानं डोळे मिटून ते घातलं आणि पहिल्याच झटक्यात उघडलंही. अश्लेषानं टाळी वाजवली. अपूर्वा मात्र हसली नाही. हातातल्या खटक्याकडे पाहत म्हणाली, "ताई, हे दुसऱ्या कोणाला पण इतकंच आसानीनं उघडेल ना?"

"उघडेल की. का?"

"मला असं नाही करून देणार का, की फक्त मला उघडेल? बाकी कोणी कितीपण कोशिश केली, तरी नाही."

अश्लेषा चाटच पडली. सैल करा म्हणणाऱ्या आल्या, घट्ट करा म्हणणाऱ्या आल्या, हिरे लावा म्हणणाऱ्याही आल्या. पण असं काही मागणारी नवरी तिला आजवर भेटली नव्हती. मग तिला एकदम हसू फुटलं. "अगं, माझ्या बिचाऱ्या भावाचं काय होणार मग?"

अपूर्वाचा चेहरा लालबुंद झाला. लाजली, असं अश्लेषाला वाटलं, आणि ती तिला फारच गोड वाटली.

मागणीनं मात्र तिची झोप उडवली. बोटानं सुटतं ते कुणाच्याही बोटानं सुटणार, हा तर साधा हिशेब. किल्ली लावली तर किल्ली हिसकावता येते. चार दिवस ती पट्ट्या वाकवत आणि तारा कापत बसली, आणि मग एका दुपारी, स्वतःच कॉर्सेट घालून जांभई देताना, तिच्या लक्षात आलं. श्वास! कॉर्सेट अंगाला ताणून बसलेलं असतं. खटक्याला आतून एक दात ठेवला, तर ताण आहे तोवर तो दात कडी सोडणार नाही. घालणारीनं पोट आत ओढलं की पट्टी क्षणभर सैल पडेल, आणि तेवढ्यात अंगठ्यानं खटक्याची जीभ उचलली की झालं. आणि पोट आत घ्यायचं की नाही, हे तर जिचं तिच्याच हातात. बाहेरचा माणूस जितकं ओढेल तितका दात जास्तच रुतणार! मागची दोरी तिनं आतून गाठी मारून बंद केली. भोवळ वगैरे आली तर कात्रीनं कापता येईल, एवढीच सोय ठेवली.

ती खरोखर हरखून गेली. असा खटका कुणीच केला नसेल, अशी तिची खात्री पटली.

त्या संध्याकाळी विक्रांत तिला घरी न्यायला आला, तेव्हा कॉर्सेट डमीवर चढवलेलं होतं.

"चल ना ताई, आई वाट बघून राहिली आहे."

"थांब रे, एक कमाल दाखवते. हे उघडून दाखव. उघडलंस तर कचोरी माझ्याकडून."

"इसमें क्या है? हुकच तर आहे."

"हात तर लावून बघ! आणि आयडिया कोणाची माहीत आहे? तुझ्या अपूर्वाची. म्हणाली, मला सोडून कोणालाच उघडता नाही आलं पाहिजे."

विक्रांत हसत पुढे झाला. खटका दाबला, सरकवला, पट्टी ओढली. काही हललं नाही. डमी काही पोट आत घेत नाही! अश्लेषा मजेत बघत होती. त्यानं पुन्हा ओढलं, मग दोन्ही हातांनी, आणि त्याचं हसू कधी गेलं ते तिला कळलंच नाही. त्यानं डमीला पुढून डावा हात घातला, उजव्या खांद्यावरून बोटं पाठीत रोवली आणि तिला आपल्याकडे खेचून दुसऱ्या हातानं पट्टीला हिसडे द्यायला लागला. बोटं खांद्यामागे, जवळजवळ, एकाखाली एक.

म्हणजे स्कूटर घसरली नव्हती.

"नाटक नको करू," विक्रांत हलक्या आवाजात म्हणाला. "एकदम चूप."

तो तिच्याशी बोलत नव्हता. तो डमीशी बोलत होता. कापूस भरलेल्या, बिनडोक्याच्या त्या बाहुलीशी, दात आवळून, आणि सवयीनं. अश्लेषा कापडाच्या गठ्ठ्यावरच बसली. हाच तो मुलगा, तापात आपला हात धरून झोपणारा!

डमी आडवी पडली. त्या आवाजानं विक्रांत भानावर आला. केस सारखे केले, आणि पुन्हा ते गोड हसू चेहऱ्यावर आणलं. "फालतू चीज बनवली आहेस, ताई. असं कोणाला पाहिजे असतं?" मग थोडं थांबून, "अपूर्वा बोलली असं? खुद्द ती?"

अश्लेषानं मान हलवली नाही. पण सांगून तर ती मघाशीच बसली होती.

"तू रिक्षानं ये," तो म्हणाला आणि फोन कानाला लावत निघून गेला.

आता मात्र अश्लेषाच्या लक्षात आलं. मौजेमौजेत आपण त्या पोरीचं नाव याच्या हातात दिलं! तिनं अपूर्वाला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. घाबरून तिनं घरी आईला लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं ते भलतंच. "तू त्याला उलटून काही बोलली तर नाहीस ना?"

"आई, तो तिला मारतो. तो तिला... ती नाही म्हणते तरी तो ऐकत नाही. तिच्या अंगावर डाग आहेत गं!"

"हळू बोल. मी समजावून ठेवलं आहे तिला. चिडला की जवाब नाही द्यायचा, अर्ध्या घंट्यात तो शांत होतो. लग्न झालं की सगळं ठीक होईल."

"तुला माहीत होतं?"

"माहीत काय व्हायचंय त्यात? तुझ्या बाबांचा स्वभाव घेतलाय त्यानं. मी नाही का काढले दिवस?"

अश्लेषानं फोन कानापासून दूर धरला. बाबांच्या फोटोला रोज सकाळी हार ती स्वतः घालत असे. आई फोनमध्ये बोलतच राहिली, आणि अश्लेषाला एकही शब्द समजेना.

दुकानाला कुलूप लावलं की नाही हेही तिला आठवत नव्हतं. रिक्षावाल्याला तिनं फक्त "नानाखेडा, जल्दी" एवढंच सांगितलं. अपूर्वाच्या इमारतीपुढे विक्रांतची गाडी उभी होती. तिच्या मनात नको नको ते येऊन गेलं. तिनं दार वाजवलं.

दार अपूर्वाच्या आईनं, मंगलाकाकूंनी उघडलं, हातात पोह्यांची बशी घेऊन. आत विक्रांत सोफ्यावर आरामात बसला होता, शेजारी अपूर्वा अगदी ताठ, नजर फरशीकडे. "ताई? तू इथे?" तो म्हणाला, आणि काकूंकडे वळून हसला.

वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं अश्लेषा विसरली. "काकू, हे लग्न होणार नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ तुमच्या मुलीवर हात टाकतो. मी आज माझ्या डोळ्यांनी पाहिलं तो कसा आहे."

काकूंच्या हातातली बशी कलली, पोहे सांडले. "अहो, असं काय बोलता? पत्रिका वाटून झाल्या. आणि तुमच्या आईंनी तर मला सांगितलं होतं, घरात सगळ्यांना त्याचा स्वभाव माहीत आहे म्हणून. बोलल्या, अश्लेषा आहे ना, ती सांभाळून घेईल."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?"

काकूंनी मान खाली घातली.

"मला वाटलं तुम्हाला पण माहीत आहे, ताई," अपूर्वा पहिल्यांदाच बोलली, अगदी हळू. "माप द्यायला उभी राहिले तेव्हा तुम्ही पाहिलं होतं. मी मनात म्हणत होते, अजून एकदा विचारलं तर सांगून टाकेन. तुम्ही नाही विचारलं."

कुणी कानाखाली मारली असती तरी अश्लेषाला इतकं लागलं नसतं. रडू आलं, ते तिनं तसंच येऊ दिलं.

विक्रांत उठला. "काकू, ताईला कामाचं टेन्शन झालं आहे, मनावर नका घेऊ." तो अश्लेषापाशी आला आणि लाडानं घ्यावं तसा त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला. "चल, घरी जाऊ." वरून लाड, आणि बोटं पाठीत अशी रुतली की तिचा श्वास अडकला. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी होती, आणि तिला त्याची भीती वाटली. इतकी, की 'सोड' म्हणायला तिची जीभ उचलेना. तशी ती निमूट दाराकडे दोन पावलं चाललीसुद्धा.

"हात काढ."

अपूर्वा उभी राहिली होती.

"तू मध्ये नको बोलूस," विक्रांत म्हणाला.

"त्यांच्या अंगावरचा हात काढ!" अपूर्वा एवढ्या मोठ्यानं ओरडली की समोरच्या घराचं दार उघडलं, जिन्यावरून कुणीतरी "क्या हुआ?" म्हणून विचारलं. विक्रांतनं त्या आवाजाकडे पाहिलं, अपूर्वाकडे पाहिलं. असा भांबावलेला चेहरा अश्लेषानं त्याचा कधीच पाहिला नव्हता. त्यानं हात काढला. उघड्या दारात गोळा झालेल्या माणसांना नमस्कारासारखं काहीतरी करत तो खाली उतरला आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

अपूर्वानं बोटातली साखरपुड्याची अंगठी काढून टीपॉयवर ठेवली. मंगलाकाकू सांडलेल्या पोह्यांशेजारी खालीच बसल्या होत्या. त्या काही मुलीला रागवल्या नाहीत की त्यांनी तिला अडवलंही नाही. त्या अश्लेषाकडे वळल्या.

"माझी पोर तर वाचली," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही? तुम्हाला तर त्याच घरी जायचं आहे."

अश्लेषाचा हात आपल्या खांद्यामागे गेला. इथे धावत येताना तिनं हा विचारच केला नव्हता.