पाणी यायच्या आधी

कसबा पेठेतल्या आरोग्यसेविका शैलाताईंना डेंगीबद्दल एक गोष्ट ठाऊक होती. ती सांगण्यासाठी त्या सात शनिवार कर्वेनगरच्या एसी सभागृहात येत होत्या. गोष्ट एवढीच, की दहा वाजता घरोघरी गेलं तर पाण्याचे ड्रम भरलेले असतात, आणि भरला ड्रम कुणी ओतत नाही. नळ यायच्या अर्धा तास आधी गेलं, तर तळाशी तांब्याभर उरलेलं असतं. तेव्हा बाई स्वतःच ड्रम पालथा करून घासते. कुठल्या गल्लीत पाणी कधी येतं, ते शैलाताईंनी चपला झिजवून वहीत उतरवलं होतं. यंदा त्यांच्या गल्ल्यांत एकही रुग्ण नव्हता.

सभागृहात ‘अनुभव-मंच’ भरायचा. सल्लागार शौनकसर भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून घेत आणि “आपण एकमेकींकडून शिकायचंय” हे दोन तास एकटेच सांगत. कुणी कुजबुजलं, तर म्हणत, “आपापसात बोलू नका, प्लीज.” मंचाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता. त्यावर फक्त सर लिहू शकत.

आठव्या शनिवारी शैलाताईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पलीकडच्या पेठेतल्या सेविका मुक्ताई आल्या नव्हत्या; त्यांची नऊ वर्षांची मुलगी डेंगीनं दवाखान्यात होती.

सात शनिवार मांडीला मांडी लावून बसलो, आणि मी शहाण्यासारखी नंबर यायची वाट बघत राहिले. शैलाताईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्या उठल्या.

“सर, माझा अनुभव राहिलाय.”

“छान, ताई. फॉर्म भरून पाठवा. पुढच्या तिमाहीत घेऊ.”

“बरं. तसं डासांना कळवते.”

त्यांनी सरांकडे पाठ केली आणि बायकांसमोर वही उघडली.

“मुक्ताईच्या गल्लीत पावणेसातला नळ येतो. उद्या सव्वासहाला घासण्या घेऊन या.”

“ताई, आपापसात—”

“बोलतोय. तुम्ही बसा.”

रविवारी नऊजणी आल्या. मुक्ताईंच्या सासूबाईंनी मोरी दाखवली. ड्रमच्या तळाशी अळ्या वळवळत होत्या. शैलाताईंनी तो रस्त्यावर आणून पालथा केला आणि बुडावर घासणी अशी आपटली, की समोरची खिडकी उघडली.

दुपारी ग्रुपवर सरांचा निरोप आला: ‘मंचामुळे घडलेल्या या उपक्रमाबद्दल अभिनंदन. फोटो पाठवा.’

उत्तर लिहायची सोय नव्हती. सरांचं नशीब.